बदामी, पट्टदकल, ऐहोळे एका दिवसात : बेळगावहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी संपली की फोन सुरू होतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. बुकिंगच्या आधी चहा घेत वाचून काढा, त्यातूनही काही राहिलंच तर फोन करा की.

सहलीत नेमकं काय काय दाखवता?

बदामीची चारही लेणी, अगस्त्य तलाव आणि काठावरचं भूतनाथ मंदिर, दुपारी पट्टदकल, शेवटी ऐहोळे. ऐहोळेत रावणफडी हे लेणं आणि दुर्ग मंदिराचं आवार. मेगुती टेकडी उजेड उरला आणि गटाचे पाय चालत असले तरच. कूडलसंगम, महाकूट, बनशंकरी हे सगळं ‘वाटेतच तर आहे’ असं नकाशा बघून अनेक जण सुचवतात. नकाशावर खरंच वाटेत आहे. पण प्रत्येक थांब्याला पाऊण तास जातो, आणि तो पाऊण तास बदामीच्या तिसऱ्या लेण्यातून कापावा लागतो. तो आम्ही कापत नाही.

ही सगळी लेणीच आहेत ना?

नाहीत, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. बदामीची चार लेणी आणि ऐहोळेची रावणफडी ही डोंगर पोखरून केलेली. मेगुती टेकडीच्या उतारावरचं दुमजली बौद्ध विहार अर्धं कोरलेलं, अर्धं बांधलेलं. पट्टदकल मात्र पूर्ण बांधीव, दगडावर दगड रचून. १९८७ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे जाहिरातींत त्याचाच फोटो पुढे असतो आणि लोक तिथे लेणी शोधत फिरतात.

आम्ही मुद्दाम बदामीपासून सुरुवात करतो. आधी पोखरलेलं बघायचं, मग बांधलेलं. पोखरताना छतापासून खाली यायचं, बांधताना जोत्यापासून वर जायचं. पोखरताना खांबाचा चुकून टवका उडाला तर तो परत लावता येत नाही. ही दोन्ही कामं बदामीच्या एकाच चालुक्य राजघराण्याच्या राज्यात, दीड-दोनशे वर्षांच्या आत, एकाच नदीच्या खोऱ्यात झाली. सकाळी पहिलं आणि दुपारी दुसरं बघितलं की फरक सांगावा लागत नाही.

एवढं एका दिवसात खरंच होतं?

होतं, पण पहाटे पाचला गाडी सुटली पाहिजे. बेळगाव ते बदामी साधारण १५० किलोमीटर, नाश्ता धरून साडेतीन तास. बदामी ते पट्टदकल २२ आणि तिथून ऐहोळे १४ किलोमीटर. अडीच-तीन तास बदामीत, दीड पट्टदकलला, दोन ऐहोळेत. परत बेळगावात रात्रीचे साडेनऊ-दहा. ‘साडेसहाला निघालो तर नाही का चालणार?’ असं विचारणारे प्रत्येक गटात एक-दोन असतात. साडेसहाला निघालेला माणूस रावणफडी बॅटरीच्या उजेडात बघतो, आणि अंधार पडल्यावर आवारं बंद होतात ते वेगळंच.

निवांत बघायचं असेल तर बदामीत एक रात्र मुक्काम करा. आमच्याबरोबर नका येऊ हवं तर, पण मुक्काम करा.

गाडी कुठून सुटते, वाट कुठली?

धर्मवीर संभाजी चौकातून. टिळकवाडीकडच्यांना गोगटे सर्कलजवळ घेतो. खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लजकडच्या मंडळींनी आदल्या रात्री बेळगावात पाहुण्यांकडे यावं. बेळगावात पाहुणा नाही असा चंदगडकर आम्हाला अजून भेटलेला नाही.

जाताना यरगट्टी, रामदुर्ग. रामदुर्ग म्हणजे भावे घराण्याचं जुनं संस्थान. येताना ऐहोळेहून अमीनगड, बागलकोट, लोकापूर. रस्ता बदलल्याने थोडं अंतर वाढतं, पण अमीनगडला करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, घेता येतो. गोकाकचा चांगला की अमीनगडचा, हा वाद गाडीत बागलकोटपर्यंत पुरतो.

बारा जणांचाच गट का? आमचे चाळीस जण आहेत, बस करू या की.

बस करा, आनंदाने करा, फक्त ती सहल वेगळी होईल. बदामीच्या पहिल्या लेण्यात नटराज आहे तो आत नाही, बाहेरच्या बाजूला, उजव्या हाताच्या कड्यावर. समोर उभं राहायला जागा किती, तर आठ-दहा माणसांची. पंचवीस जण गेले की मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. आत मंडपात आवाज घुमतो, त्यामुळे मार्गदर्शक ओरडून बोलू लागला की एक शब्द धड ऐकू येत नाही. बारा जणांत हळू बोललं तरी चालतं. प्रश्नही विचारले जातात, आणि बऱ्याचदा गप्प बसलेली एखादी आजीच नेमका प्रश्न विचारते.

मूर्ती सगळ्या सारख्याच दिसतात. लेण्यांत बघायचं तरी काय?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून उत्तर लांब.

पहिलं लेणं शंकराचं. त्या नटराजाला अठरा हात आहेत. स्थानिक गाईड ८१ मुद्रा मोजून दाखवतात, मोजायला हरकत नाही. पण तिथे रेंगाळण्याआधी डाव्या अंगाच्या द्वारपालापाशी या. त्याच्या पायाशी एक बैल आणि एक हत्ती कोरलाय, दोघांत मिळून डोकं एकच. तळव्याने एक बाजू झाका, हत्ती दिसतो. दुसरी झाका, बैल. लहान मुलं तिथून हलत नाहीत, आणि मोठी माणसंही कुणी बघत नाही असं पाहून एकदा हात लांब करून झाकून बघतातच. आत हरिहर आहे, अर्धनारीश्वर आहे, आणि त्याच्या शेजारी हाडांचा सापळा झालेला शिवभक्त भृंगी. छताकडे बघा, वेटोळं घातलेला नाग आहे.

दुसरं विष्णूचं. इथे त्रिविक्रम, म्हणजे वाढून तीन पावलं टाकणारा वामन, बघताना आधी खाली शोधा : छत्री घेतलेला बुटका वामन तिथे उभा आहे. एकाच पट्टात आधी आणि नंतर असे दोन्ही प्रसंग. वर छतात सोळा माशांचं चक्र, आरीच्या जागी मासे.

तिसरं सगळ्यांत मोठं. व्हरांडाच सुमारे ७० फूट रुंद. डाव्या टोकाला शेषावर बसलेला विष्णू. झोपलेला नाही, बसलेला. पंढरपूर-कोल्हापूर करणाऱ्यांनाही हे रूप नवं वाटतं. पुढे वराह, नरसिंह, हरिहर, त्रिविक्रम. इथे शिलालेख आहे, त्यामुळे तारखेबद्दल वाद नाही : शके ५००, कार्तिक पौर्णिमा. ७८ मिळवा, इ. स. ५७८. चालुक्य राजपुत्र मंगलेशाने थोरला भाऊ कीर्तिवर्मा राज्यावर असताना हे विष्णूचं लेणं करवलं. पंचांगात शके बघायची सवय असलेल्या घरांतल्या मंडळींना हा हिशेब आमच्याआधी येतो.

या लेण्यात वर मान करून खांबांचे कंस बघा, त्यांवर जोडपी आहेत. नवरा-बायकोच्या गप्पा, एकीचा तोल गेलाय, दुसरीने झाडाची फांदी धरलीय. जोत्यावर ठेंगण्या गणांची रांग आहे, कुणी नाचतोय, कुणी नुसता पोट धरून बसलाय. छताच्या कडेला रंगांचे पुसट तुकडे उरलेत. डोळे सावलीला सरावल्यावरच दिसतात, म्हणून आत शिरल्या शिरल्या आम्ही दोन मिनिटं कुणाशी काही बोलत नाही.

चौथं जैन लेणं, लहान आणि सगळ्यांत वर. पार्श्वनाथ, बाहुबली, महावीर. बाहुबलीच्या पायांवर वेली चढल्यात. बेळगाव-निपाणी पट्ट्यातली जैन कुटुंबं इथे आमच्यापेक्षा जास्त वेळ घेतात, आणि घ्यावाच.

वेरूळ-अजिंठा पाहिलंय. मग हे कशाला?

पाहिलंय म्हणूनच या. तिकडचा दगड काळा बेसॉल्ट, इकडचा तांबडा वालुकाश्म, थरांचा. कड्यावरचे आडवे पट्टे लेण्याच्या भिंतीतून तसेच आत गेलेले दिसतात. एखाद्या मूर्तीच्या गालावरून फिक्कट रेघ जाते ती डागाची नाही, दगडाचीच.

दुसरं कारण पट्टदकल. चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांची कांची जिंकली, आणि त्या विजयासाठी राणी लोकमहादेवीने विरूपाक्ष मंदिर बांधवलं, आठव्या शतकाच्या मध्याला. स्थपतीचं नाव तिथल्या लेखात आहे : गुंड. पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांना हटवलं आणि पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळला कैलास कोरला गेला, तो बऱ्याच अंशी याच विरूपाक्षाच्या धाटणीवर. म्हणजे इथे बांधलेलं तिकडे पोखरलं गेलं. कैलास आधी पाहिलेल्या माणसाला विरूपाक्षाच्या आवारात पाऊल टाकताच ओळखीचं वाटतं. ज्यांनी नाही पाहिलं त्यांना आम्ही फोनवर फोटो दाखवतो, पण त्यात ती मजा नाही.

या जागांचा आपल्या मराठी मुलखाशी काही संबंध?

भरपूर. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर रवीकीर्तीचा लेख आहे, शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती. कनोजच्या हर्षाला त्याने कसं रोखलं ते त्यात आहे, कालिदास आणि भारवी या कवींची नावं आहेत, आणि ९९ हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’वर त्याची सत्ता होती असंही आहे. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणारे आमचे प्रवासी, दोन्ही बाजूंचे, या ओळीपाशी थोडे थांबतात. राजा बदामीचा, दरबारी लेख संस्कृतात, लोकांची भाषा कन्नड, आणि राज्य नाशिकपल्याडपर्यंत. आजची हद्द त्यावर कुठेच बसत नाही.

१७८६ साली मराठ्यांच्या आणि निजामाच्या फौजांनी टिपूकडून बदामीचा किल्ला घेतला, तेही लक्षात ठेवा. पण आम्हाला सगळ्यांत जवळचा संबंध वाटतो तो नदीचा. पट्टदकल आणि ऐहोळे दोन्ही मलप्रभेच्या काठी. ही मलप्रभा निघते आपल्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, चोर्ल्याच्या रस्त्यावर. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि मग इकडे येते. खानापूरचे लोक पट्टदकलला नदीकडे बघून ‘ही आमचीच’ म्हणतात तेव्हा आम्ही वाद घालत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं तेव्हा ते पट्टदकलच्या देवळांच्या आवारात शिरलं होतं.

किती चढायचं? आईचे गुडघे दुखतात.

बदामीत चारही लेणी मिळून साधारण दोनशे पायऱ्या, उंच आणि काही ठिकाणी झिजलेल्या. पण त्या टप्प्याटप्प्याने आहेत. पहिल्या लेण्यापर्यंत आलं तरी बरंच काही पदरात पडतं, आणि तिथून खाली गावाचा, तलावाचा देखावा आहे. ज्यांना तेवढंही नको त्यांना तलावाच्या काठाने सपाटीवरून भूतनाथाकडे नेतो. तिथे पायरीवर बसून पलीकडचे कडे बघत वेळ छान जातो. पट्टदकल सपाट, हिरवळीचं. रावणफडीला मोजक्या पायऱ्या. मेगुतीला चढ आहे, आजी-आजोबांनी तिकडे हट्ट करू नये.

माकडांचं खरं आहे का?

खरं आहे. खाण्याचं काहीही हातात नको, प्लास्टिकची पिशवी तर नकोच. पिशवी दिसली की आत खाऊ आहे असं त्यांनी ठरवूनच टाकलंय. शीतपेयाची बाटली हातातून काढून झाकण उघडून पितात. चष्मा, मोबाइल सांभाळा. डोळ्याला डोळा देऊन हसू नका, दात दाखवणं त्यांच्यात भांडणाचं लक्षण. आणि काठी उगारू नका, ती आम्ही उगारतो.

कधी येणं बरं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हे कुणीही सांगेल. बेळगावची हवा डोक्यात ठेवून मार्च-एप्रिलमध्ये येऊ नका. इथे संध्याकाळी स्वेटर लागतो तेव्हाही तिकडे दुपारी दगड तापतात, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो.

कुणी न सांगणारा काळ म्हणजे जुलै-ऑगस्ट. बेळगाव-खानापूर पावसात बुडालेलं असतं तेव्हा बदामी पर्जन्यछायेत, नुसती भुरभुर. तांबडे कडे ओले होऊन गडद होतात, आणि जोराची सर आली तर तलावाजवळच्या कड्यावरून अक्का-तंगी धबधबा पडतो. फक्त मलप्रभेला पूर असेल तर पट्टदकल-ऐहोळे रद्द.

टाळायचे दिवस : डिसेंबर-जानेवारीतले शनिवार, कारण शाळांच्या सहली. शुक्रवार, कारण पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद. पौष पौर्णिमेच्या आसपास बनशंकरीची जत्रा, रस्ताच मिळत नाही. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस, आम्ही बेळगावातून गाडी काढत नाही. त्या दिवशी शहराचं काय असतं ते बेळगावकरांना सांगायला नको. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर सहल होते, पण परतताना शहरात शिरायला अर्धा तास जास्त धरा.

खाण्यापिण्याचं काय?

सकाळी वाटेत इडली-वडा, उपीट. कांदेपोह्यांचा आग्रह धरू नका, मिळतील ते आवडणार नाहीत. दुपारी शाकाहारी खानावळ : जोंधळ्याची भाकरी, भरलं वांगं, मोडाची उसळ, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, वर घट्ट दही. भाकरी पातळ आणि कडक आली तर ती शिळी नाही, तशीच करतात, महिनाभर टिकते. नरम हवी असेल तर तसं सांगायचं. पाणी गाडीत भरपूर असतं, तरी स्वतःची बाटली आणा, स्टीलची.

बनशंकरी आमची कुलदेवी. तेवढं दर्शन तरी?

बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडच्या कितीतरी घरांची आहे, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. देऊळ बदामीपासून पाचेक किलोमीटर. गटातल्या सगळ्यांना हवं असेल तर मेगुती वगळून नेतो. एकालाच हवं असेल तर नाही. देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, भाकरी, चटण्या आणि मातीच्या गाडग्यात लावलेलं दही. दर्शनाला नेलं तर जेवण तिथेच, खानावळीत नाही. आमचं मत विचाराल तर खानावळीपेक्षा तेच सरस.

मराठी चालेल का तिकडे?

गाडीत आणि लेण्यांत मार्गदर्शन मराठीतच असतं. बाहेर बदामीत कन्नड, आणि दुकानदारांशी हिंदी. रामदुर्गपर्यंत म्हाताऱ्या माणसांशी मराठीतही जमतं. बेळगावकरांना ‘एष्टु’ (किती), ‘साकु’ (पुरे) इतकं येतंच. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना आम्ही गाडीत पाच-सहा शब्द शिकवतो. भाकरीवाल्या मावशींशी मोडक्या कन्नडमध्ये बोललं की चटणी जास्त मिळते, हा अनुभव.

वातापी राक्षसाची गोष्ट खरी का?

मुलांना सांगायला एकदम खरी. इल्वल आपल्या भावाला, वातापीला, मेंढा करून शिजवायचा, ब्राह्मणांना वाढायचा आणि मग हाक मारायचा. अगस्त्य ऋषींनी जेवून पोटावरून हात फिरवला, ‘वातापि जीर्णो भव’, आणि हाकेला कुणी आलं नाही. बदामीचं जुनं नाव वातापी, तलाव अगस्त्याचा. आमच्या काही आज्या बाळाला दूध पाजून झालं की अजून हेच म्हणतात. लेण्यांत मात्र आम्ही गोष्ट आणि शिलालेख वेगळे ठेवून सांगतो.

पैशांत काय काय येतं?

गाडी, मार्गदर्शक, नाश्ता, दुपारचं जेवण, पाणी. पुरातत्त्व खात्याची तिकिटं वेगळी, ती ज्याची त्याने मोबाइलवरून काढावीत म्हणजे रांग टळते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वय दाखवायला काहीतरी जवळ ठेवा. हल्लीची मुलं उंच असतात.

फोटो, ड्रोन, रील?

मोबाइलने हवे तेवढे. तिपाई आणि ड्रोनला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आम्ही काढून देत नाही. सकाळी लेण्यांत सावली असते, ऊन दुपारनंतर येतं. मूर्ती सावलीत दिसायला चांगल्या, बाहेरचा कडा उन्हात. मूर्तीला टेकून, तिच्या मांडीवर बसून फोटो काढणाऱ्याला आम्ही गटासमोर बोलतो, वाईट वाटून घेऊ नका.

चपला की बूट?

चढायला बूट. विरूपाक्ष मंदिरात अजून पूजा चालते, तिथे पादत्राणं बाहेर. दुपारी फरशी भाजते, म्हणून जाड मोजे पिशवीत टाका.

बायकांसाठी स्वच्छतागृहांची सोय?

तिकीट असलेल्या आवारांत आहे. वाटेत बरी सोय असलेल्या हॉटेलांवरच थांबतो, चहा तिथला कसाही असला तरी.

एवढं लांब नको. बेळगावजवळ काही नाही का?

लेणीच हवी असतील तर चोर्ला घाट उतरून गोव्यात सांखळीजवळ हरवळे. जांभ्यात कोरलेल्या खोल्या, आत शिवलिंगं, लोक पांडवांची म्हणतात. लहान आहेत, पण कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघून तिकडे जाता येतं. पावसाळ्यात घाटाची खात्री करून निघा. लेणी नसली तरी चालत असेल तर खानापूर तालुक्यातलं हलशी, कदंब राजांचं, भूवराह नरसिंहाचं देऊळ. अर्ध्या दिवसात होतं. आणि बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. छतातलं कमळ बघायला रिक्षा पुरते, तरी बेळगावात जन्म काढून ती न पाहिलेले लोक आमच्या गाडीतून बदामीला येतात.

ऐनवेळी रद्द केलं तर?

दोन दिवस आधी कळवलंत तर पूर्ण पैसे परत. आदल्या दिवशी कळवलंत तर तुमच्या जागी कुणी मिळाल्यावर. पहाटे पाचला ‘जाग आली नाही’ असा फोन आला तर परत काही नाही. पण बदली माणूस पाठवायला हरकत नाही, शेजारचा, भाचा, कुणीही. फक्त तो साडेचारला उठलेला असावा.